सगळी डबीच बंद

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

आजचे पेशंट काका ७१ वर्षांचे, १४ महिन्यांपूर्वी स्टेंट टाकलेला, दोन्ही बाजूंचा हर्निया दुर्बिणीतून करायचा होता. पीएसीला, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीला, विचारलं दोन मजले न थांबता चढता का, तर म्हणे अहो मॅडम मी अजून पर्वती चढतो. काकू मागून हळूच, "दिवाळीत एकदा गेले होते." या प्रश्नाचं खरं उत्तर पुण्यात बायकोकडूनच मिळतं.

आज भूल छान लागली, प्रेशरही फार पडलं नाही, श्वासाची ट्यूब टाकली आणि पल्स ८८ वरून थेट १२२, ईसीजीच्या व्ही-५ लीडमध्ये एसटी रेष खाली जायला लागली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय. डाव्या बाजूच्या हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, तो सैल पडतो तेव्हा, आणि पल्स धावली की नेमका तोच वेळ कापला जातो, त्यात कोरोनरी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या, आधीच अरुंद. वेदनाशामक फेंटानिल वाढवलं, पल्स उतरवायला एस्मोलॉल दिलं, चारेक मिनिटांत एसटी जागेवर आली. सर्जन सरांना म्हटलं आज नको. ते काही बोलले नाहीत, हातातला ट्रोकार (दुर्बीण आत घालायची नळी) खाली ठेवला, मानलं त्यांना. हर्निया कुठे पळून जातोय. ट्यूब काढतानाही पल्स तशीच उसळते, ते काम जीव मुठीत धरून केलं.

मग काकूंकडून कळलं. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी बंद करा असं सांगितलेलं, काकांनी सगळी डबीच बंद केली! अ‍ॅस्पिरिन गेली, पल्स आवरणारी बीटा ब्लॉकर गोळी मेटोप्रोलॉल गेली, आणि बीटा ब्लॉकर असा अचानक तोडला की पल्स दामदुपटीने वसूल करते. पीएसीला मी गोळ्या विचारल्या होत्या, तेव्हा चालूच होत्या. आज सकाळची घेतली का हे मात्र विचारलंच नाही. आणि मेटोप्रोलॉलवरच्या माणसाची पल्स टेबलावर ८८ कशी, हे खटकायला नको? काका घाबरलेत म्हणून सोडून दिलं मी.

अर्थात सकाळी कळलं असतं तरी तिथल्या तिथे मोठा डोस देऊन भागलं नसतं. २००८ च्या पॉइज ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या दिवशी नव्याने मेटोप्रोलॉल दिलेल्यांत हार्ट अटॅक कमी झाले पण स्ट्रोक आणि मृत्यू वाढले. केस पुढे ढकलली असती, एवढंच.

पहिलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलंय, दुसरं सकाळी. असे हार्ट अटॅक बरेचदा पहिल्या दोन दिवसांत येतात आणि छातीत दुखेलच असं नाही, म्हणून आत्ता परत फोन केला. सिस्टर म्हणाल्या पल्स ७०, झोपलेत, फक्त काकू विचारतायत उद्या घरून डबी आणू का नको.