आडवा पाऊस आणि पाणमांजराचा स्टॅच्यू

आईला फक्त पफिन बघायचे होते. चिपळूणहून ग्लासगोला आल्यापासून मोबाईलवर त्या रंगीत चोचीच्या पक्ष्यांचे व्हिडिओ बघून बघून तिने मला भंडावून सोडलं होतं, म्हणून जूनमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या मल बेटाची ट्रिप ठरवली (उच्चार असाच आहे, बाबा अजून हसतायत), कारण तिथून लंगा नावाच्या छोट्या बेटावर बोटी जातात आणि तिथे पफिन अगदी पायाशी येऊन उभे राहतात. आदल्या संध्याकाळी मेसेज आला, वारा फार आहे, बोट रद्द.

मग धावपळ करून बेटावरच फिरवणारी एक गाईडेड टूर मिळवली, आठ जणांची व्हॅन, दिवसभर. सकाळी बाहेर पडलो तर पाऊस. आता चिपळूणच्या माणसाला कोणी पावसाचं कौतुक सांगू नये, पण हा पाऊस वरून पडतच नव्हता, बाजूने येत होता, त्यात दहा डिग्री. बाबांची छत्री पाचव्या मिनिटाला उलटी झाली. गाईड मात्र खुशीत, म्हणाला वारा आहे म्हणून मिजेस नाहीत, म्हणजे ती चावरी चिलटं, नाहीतर उभं राहणं मुश्किल.

बाबा एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, कुंभार्ली घाट रोजचा. इथले रस्ते एकाच गाडीपुरते, मधेमधे साईड द्यायला जागा ठेवलेल्या, आणि साईड दिली की समोरचा हात वर करतो. गाईडने एका वळणावर भरपावसात व्हॅन सरळ रेषेत रिव्हर्स घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "हात चांगलाय याचा." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. दुपारपर्यंत मागच्या सीटवरून तेही येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते.

लॉख ना कील म्हणून समुद्राचा एक मोठा फाटा आत शिरलाय, त्याच्या काठाने जाताना व्हॅन थांबली. गाईडने टेलिस्कोप लावला, म्हणाला श्वास रोखून बघा नाहीतर काच धुरकट होते. झाडावर मला एक भिजलेलं पोतं दिसलं. पोत्याला पिवळी चोच होती आणि चोचीच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड, पंख उघडले की जवळपास आठ फूट, आणि हा पठ्ठ्या मान आत घालून बसलेला. बाबा म्हणाले, शेवटची गाडी चुकलेला पॅसेंजर. उडेल का विचारलं तर गाईड म्हणाला, पिसं ओली असताना तो कशाला उगाच दमेल, बसणारच. उन्हाचा दिवस असता तर हा कुठेतरी आभाळात ठिपका झाला असता, पावसामुळे निदान त्याचा डोळा दिसला.

या पक्ष्याची गोष्ट गाईडने व्हॅनमध्ये चहा पिताना सांगितली. ब्रिटनमधला शेवटचा 1918 मध्ये पार उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर मारला, मग जवळजवळ साठ वर्षं कोणीच नाही, मग 1975 पासून दहा वर्षांत नॉर्वेहून 82 पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर सोडली, आणि 1985 मध्ये इथे मलवर पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं. मेंढपाळ अजून नाराज आहेत, कोकरं उचलतात म्हणून. आईला त्यांचंच पटलं, तिने अंगणातून घारीने नेलेली कोंबडीची पिल्लं मोजायला सुरुवात केली.

आणि मग पाणमांजर. ते मला आधी दिसलंच नाही, कारण शेवाळ तपकिरी, पाणी तपकिरी, ते पण तपकिरी. डोकं, पाठ, शेवटी शेपटीचं टोक, आणि बुडी. गाईड म्हणाला, वारा तिकडून आपल्याकडे येतोय, म्हणजे आपला वास त्याला जात नाही, आता ते पाण्याखाली आहे तोवर चाला, वर आलं की जिथे असाल तिथे थांबा. म्हणजे स्टॅच्यू! आईला गुडघेदुखी, तरी ती ओल्या दगडांवरून चार पावलं पुढे, स्टॅच्यू, परत चार पावलं, स्टॅच्यू, एकदा तर एक पाय अर्धवट उचललेला आणि हाताने बाबांची बाही धरलेली, अशी थांबली. ओढणी वाऱ्यावर फडफडतेय म्हणून तिने ती दातात धरली.

छोटे मासे ते पाण्यातच संपवत होतं, पण एक लांबुळका मासा मोठा निघाला तो घेऊन दगडावर आलं, आमच्यापासून फार तर पंधरा पावलांवर, आणि डोक्याकडून सुरुवात करून तोंड उघडं ठेवून कचाकच खाल्लं, आवाज ऐकू येत होता. मग अंग झटकलं, केसांचे काटे उभे राहिले आणि ते ओढ्याच्या तोंडाशी गेलं. समुद्राचं मीठ केसात राहिलं तर ऊब टिकत नाही म्हणून त्यांना गोड्या पाण्यात अंघोळ लागते म्हणे. आई पुटपुटली, "एवढ्या पावसात परत अंघोळ?"

व्हॅनमध्ये येऊन सगळ्यांचे मोजे हीटरसमोर. आईने डब्यातली थालीपीठं काढली, गाईडने लसणाच्या चटणीसकट दोन खाल्ली आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

फोटो म्हणाल तर माझ्याकडे 64 आहेत, सगळे शेवाळाचे. रात्री व्हिडिओ कॉलवर आई मावशीला त्यातला एक दाखवत होती, बोट ठेवून, "हे बघ, इथे होतं, आत्ताच बुडी मारलीय."