पोस्टरवर नळाची वेळ नाही

"बाबू, फोटो त लय चांगला हाय. पन नळ कवा येते, थे कुठी लिवलं?" शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्यासमोर धरला.

ग्रामपंचायतीच्या फेसबुक पेजवर घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन योजनेचं पोस्टर. हार, फेटे, सात-आठ चेहरे. नळाची वेळ कुठेच नाही.

2019 पासूनच्या या योजनेत माणशी रोज 55 लिटर पाणी ठरलंय. इथं मोटर बिघडली हे कळतं ते नळाखाली पाण्याचा गुंड ठेवल्यावर.

पेज हवंच. पण कोतवाल दवंडीत कामाचं आधी सांगायचा. तेच टाका ना: आज पाणी कुठल्या वॉर्डात, मागच्या ठरावाचं काय झालं. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी ते, लागतात. तेवढेही जमत नाहीत.

पोस्टर लाइक करणारे सगळे गावातलेच. त्यांना सभेची तारीख का नाही सांगत?