तापलेले पाणी आणि वाया जाणारी ऊब

डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरला की आमच्या कोथरूडच्या घरात पाच वाजता सुरू केलेला गीझर, शेवटची आंघोळ होईपर्यंत, म्हणजे आठपर्यंत चालूच असे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते आणि कॉइलच्या कोणत्याही गीझरला ती चुकत नाही. त्यावरच्या वीजबचतीच्या लेबलातले तारे सांगतात ते एवढेच, की तापलेले पाणी नुसते साठवून ठेवताना टाकीतून किती उष्णता निसटते. म्हणून आता आम्ही आंघोळी लागोपाठ उरकतो आणि शेवटच्या माणसाच्या आधीच बटण बंद करतो. थर्मोस्टॅटही ७५ वरून ६० वर आणला, त्यामुळे उष्णतेची ही गळती पाव हिश्शाहून अधिक घटते, शिवाय बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉइलवर सावकाश चढतो. त्याखाली मात्र मी जात नाही, कारण कोमट साठ्यात जिवाणू वाढू शकतात.

गच्चीवरच्या सौर बंबाबद्दल मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. बंबातले पाणी सकाळी चांगले कढत असते, पण ते आमच्या मजल्यापर्यंत सुमारे २० मीटर नळीतून येते आणि पाऊण इंची नळीच्या एवढ्या लांबीत साडेपाच लिटरहून जास्त पाणी रात्रभर थंड होऊन बसलेले असते. ते वाहून जाईपर्यंत धीर न धरता गीझर लावणारी घरे आमच्याच सोसायटीत कितीतरी आहेत. आम्ही ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरतो. उघड्या नळ्यांवर फोमचे आवरण चढवल्यापासून दुसऱ्या माणसाला लगेच गरम पाणी मिळते.

खोली तापवण्याचे म्हणाल, तर २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिटे घेतो, म्हणजे जवळजवळ तीन गीझरभर पाण्याइतकी वीज, आणि दाराखालच्या फटीतून ती ऊब निघून जाते. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे आम्ही दुपारी उघडे ठेवतो, दिवेलागणीला खिडक्या लावून घेतो, फटीशी जुन्या चादरीची गुंडाळी सारतो आणि गार फरशीवर सतरंजी अंथरतो. आईच्या गोधडीत रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी असते. तिच्यातले दोन लिटर पाणी तापवायला युनिटचा जेमतेम आठवा भाग लागतो, आणि आईचे पाय झोप लागेपर्यंत उबदार राहतात.