मनूची होडी आणि इडेचं पात्र

यज्ञविधींचा अर्थ सांगणाऱ्या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली मनूच्या पुराची कथा (माध्यंदिन शाखा, 1.8.1) बहुतेक जण सहाव्या कंडिकेपाशी, म्हणजे सहाव्या छोट्या परिच्छेदापाशी, सोडून देतात. माशानं पुराची सूचना दिली, होडी झाडाला बांधली, पूर सगळ्या प्रजेला घेऊन गेला, मनू एकटा उरला. झालं. पण ती कथा तिथे आलीय ती पुढच्या पाच कंडिकांसाठी, हे ध्यानात घेतलं नाही तर अर्थ लावताना हमखास घसरायला होतं.

आधी कथा कुठे बसवलीय ते पाहावं. शतपथाचं पहिलं कांड दर्शपूर्णमास इष्टीचं, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या यज्ञाचं. त्या इष्टीत पाच प्रयाज (आधीच्या आहुती), मग प्रधान आहुती, मग स्विष्टकृत् अग्नीची आहुती, आणि त्यानंतर शेवटचे तीन अनुयाज (नंतरच्या आहुती) होण्याआधी इडा. इडा म्हणजे उरलेल्या हविर्द्रव्याचे कापून घेतलेले भाग. ते इडापात्रात तुपावर ठेवतात, वरून पुन्हा तूप सोडतात, होता (मंत्र म्हणणारा पुरोहित) इडेला देवता म्हणून बोलावतो आणि मग ऋत्विज (पुरोहित) व यजमान ते भक्षण करतात. या बोलावण्यात इडेला तीन विशेषणं लावलेली आहेत: मानवी, घृतपदी, मैत्रावरुणी. हे शब्द का, याचं उत्तर म्हणजे ही कथा.

पूर ओसरल्यावर प्रजेची इच्छा धरून मनू पाण्यात चार गोष्टी अर्पण करतो: तूप, दही, मस्तु आणि आमिक्षा. मस्तु म्हणजे दह्याचं सुटलेलं पाणी, चक्का टांगला की खाली गळतं ते. आमिक्षा म्हणजे तापलेल्या दुधात दही घालून ते फाडल्यावर राहणारा घट्ट गोळा. वर्षभरात त्यातून एक स्त्री वर येते, तीच इडा. तिच्यासाठी शब्द आहे ‘पिब्दमाना’, म्हणजे घट्ट, भरीव होत गेलेली. दूध फाटून गोळा होताना ज्यानं पाहिलंय त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. तिच्या पावलात तूप साचतं. वाटेत मित्र आणि वरुण भेटतात, ‘आमची म्हण’ असं सांगतात. ती साफ नाही म्हणते, ज्यानं मला जन्म दिला त्याचीच मी. मनूची म्हणून मानवी, पावलात तूप म्हणून घृतपदी, मित्रावरुणांना भेटली म्हणून मैत्रावरुणी. त्याच ब्राह्मणात थोडं पुढे ही तिन्ही विशेषणं याच प्रसंगांशी एकेक करून जोडून दाखवलेली आहेत. मनूला ती सांगते, मी आशीर्वाद आहे, मला यज्ञाच्या मध्यभागी वापर. मध्य म्हणजे प्रयाज आणि अनुयाज यांच्यामधली जागा.

मग पूर कशाला हवा? माझ्या मते, मनूला एकटं पाडायला. दुसरं कुणी उरलं असतं तर पुढची सगळी प्रजा इडेद्वारे झाली असं म्हणता आलं नसतं.

आता पुराचं वर्णन. कथेत शब्द आहे ‘औघ’. बोलण्याच्या ओघात असं आपण म्हणतो त्यातल्या ‘ओघा’चाच हा सख्खा नातलग. त्याच्या जोडीला क्रियापद ‘निर्वोढा’, वाहून नेणारा. मराठीत सर्रास ‘जलप्रलय’ लिहितात. त्यानं कल्पान्ताची सगळी पौराणिक कल्पना आत शिरते, जी इथे नाही. पाऊस पडल्याचा उल्लेख नाही. कुणाचं पाप नाही, देवाचा कोप नाही. होडीत सप्तर्षी नाहीत, बीजं नाहीत, प्राणी नाहीत. मासा कुणा देवाचा अवतार आहे असंही म्हटलेलं नाही. तो सकाळी हात धुण्याच्या पाण्यातून मनूच्या हाती येतो आणि सौदा मांडतो: मला सांभाळ, मी तुला तारीन. लहानपणी आम्हाला मोठा धोका, मासाच माशाला गिळतो, हे त्याचं कारण. म्हणून त्याला ठेवायचं आधी कुंभीत (घड्यात), मग खड्ड्यात, मग समुद्रात.

पूर येण्याचं वर्ष मासा सांगतो, पण मूळ पाठात शब्द आहेत ‘इतिथीं समाम्’, म्हणजे ‘अमुकाव्या वर्षी’. आकड्याची जागा कथाकारानं रिकामीच ठेवलीय. तिथे हिमयुगाच्या शेवटाचं वा आणखी कशाचं वर्ष बसवणं म्हणजे कोऱ्या चेकवर आपणच रक्कम लिहिण्यासारखं.

डोंगराचंही असंच. मूळ पाठात फक्त ‘उत्तर गिरी’ आहे, हिमवान हे नाव नाही. क्रियापदाच्या उपसर्गातही पाठभेद आहे: ‘अतिदुद्राव’ वाचलं तर मनूनं डोंगर ओलांडला, ‘अधिदुद्राव’ वाचलं तर डोंगरावर पोचला. एका उपसर्गावरून आर्य हिमालयापलीकडून आले असे निष्कर्ष 19व्या शतकात काढले गेले. अथर्ववेदातल्या ‘नावप्रभ्रंशन’चा (19.39.8) आधारही असाच सांभाळून घ्यायचा. ‘नाव घसरली ती जागा’ हा अर्थ ओढ लावणारा आहे, पण पदपाठ (मंत्रातले शब्द सुटे करून दाखवणारा पाठ) तो शब्द ‘न’ आणि ‘अवप्रभ्रंशन’ असा तोडतो, आणि मग होडी उरतच नाही. सूक्तही पुराचं नाही, कुष्ठ या औषधीचं आहे.

पाण्याचा अनुभव मात्र एका ठिकाणी खरा जाणवतो. मासा सांगतो, होडी झाडाला बांध, पण तू डोंगरावर असताना पाणी तुला तोडून टाकू नये. जसजसं ते उतरेल तसतसा खाली सरक. म्हणून त्या उताराचं नाव ‘मनोरवसर्पण’, मनूचं खाली सरकणं.

महाभारतात सगळं बदलतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा आरण्यकपर्वाच्या 185व्या अध्यायात आहे. तिथे मनू चीरिणी नदीच्या तीरावर तप करतो, माशाच्या मुक्कामांत गंगा येते, होडीत सप्तर्षी आणि बीजं चढतात, शिखराला नौबंधन हे नाव मिळतं, आणि मासा शेवटी आपण प्रजापती ब्रह्मा असल्याचं सांगतो. मत्स्यपुराणात तो विष्णू होतो. भागवतात (8.24) नायकच द्रविडदेशाचा राजा सत्यव्रत, होडी माशाला बांधायला दोराऐवजी वासुकी नाग, आणि भर वेद चोरणाऱ्या हयग्रीव दैत्याच्या वधावर. या सगळ्या एकत्र मळून एकच ‘मूळ कथा’ सांगितली की शतपथातली कथा दिसेनाशी होते. आणि महाभारतात सर्वात आधी कोण गळलं, तर इडा. तिथे मनू तपाच्या बळावर प्रजा निर्माण करतो. पाण्यात दही-तूप टाकायची त्याला गरजच पडत नाही.