कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन दुकानासाठी होस्टिंग निवडलं तेव्हा: माझा अनुभव

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या (चपलांच्या बाजारातल्या) एका दुकानाची वेबसाइटवरची विक्री जुन्या होस्टिंगवरून (साइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) नव्या होस्टिंगवर हलवायची होती. वर्डप्रेसवर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकान चालवणारी जोडणी), जवळपास ३०० डिझाइन आणि प्रत्येकात सहा ते दहा नंबरची मापं. होस्टिंग ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

कंपन्यांच्या दरपत्रकात सगळ्यात ठळक आकडा जागेचा असतो: ५० जीबी, १०० जीबी, ‘अनलिमिटेड’. तो मी बाजूला ठेवला, कारण दुकानाची साइट बहुतेक वेळा जागेने भरत नाही, फायलींच्या संख्येने भरते. ३०० डिझाइनचे पाच-पाच फोटो म्हणजे १,५००. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स मिळून एका फोटोच्या लहानमोठ्या सात-आठ प्रती करतात, म्हणजे नुसत्या फोटोंच्याच दहा हजारांवर फायली. त्याच खात्यावर मेल ठेवली तर प्रत्येक मेलची वेगळी फाइल. रोज ५० मेल धरा, वर्षाला १८ हजार झाल्या. फायलींच्या संख्येचा हा हिशोब ‘आयनोड’ नावाने अटींच्या पानावर कुठेतरी खाली लिहिलेला असतो. ती मर्यादा संपली की जीबी शिल्लक असूनही फोटो चढत नाहीत आणि मेलही येत नाही. म्हणून मेल मी वेगळ्या सेवेवर ठेवली.

दुसरी मर्यादा ‘एंट्री प्रोसेस’ची, आणि दुकानासाठी ती जास्त महत्त्वाची. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) एका क्षणी किती पीएचपी विनंत्या, म्हणजे सर्व्हरने त्या वेळी तयार करून द्यायची पानं, चालतील ते यावरून ठरतं. स्वस्त प्लॅनमध्ये हा आकडा बरेचदा २०च्या आसपास असतो. माहितीची पानं कॅशमधून (आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून) जातात, त्यामुळे साध्या साइटला तो पुरतो. कार्ट आणि चेकआउट (पैसे भरण्याचं पान) मात्र कॅश करता येत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर जाहिरात चालवली आणि गिऱ्हाइकं एकदम आली, तर नेमकी पैसे भरणाऱ्यालाच ५०८ एरर (मर्यादा संपल्याची) दिसते. म्हणून विक्रीच्या साइटला मी २ जीबी रॅम आणि प्रोसेसरचा निदान एक पूर्ण कोर असल्याशिवाय होकार देत नाही. नुसता कॅटलॉग दाखवणाऱ्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीला एवढ्याची गरज नाही.

सर्व्हर मुंबईत किंवा बंगळुरात असावा. अमेरिकेतल्या सर्व्हरला जाऊन यायलाच २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात, आणि चेकआउटला अशा फेऱ्या बऱ्याच होतात. हे तपासताना नुसत्या डोमेनला (साइटच्या नावाला) पिंग करू नका, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ मोजू नका. मध्ये सीडीएन (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा) असेल तर उत्तर जवळच्या केंद्रातून येतं आणि आकडा छान दिसतो. मूळ सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा अंकी पत्ता) मागून घ्या.

दराबाबत पहिल्या वर्षाचा आकडा मी मोजतच नाही. रिन्युअलचा दर आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून तीन वर्षांची बेरीज केली की स्वस्त-महाग हा क्रम बरेचदा उलटा होतो. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असेल तरच कराची वजावट मिळते. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे देणार असाल तर रिन्युअलची तारीख स्वतः लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मँडेट (आपोआप वसुलीची परवानगी) नोंदवल्याशिवाय कार्डावरून आपोआप वसुली होत नाही.

डोमेन मी होस्टिंगवाल्याकडे ठेवलं नाही, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवलं, मालकाच्या नावावर आणि मालकाच्याच मेलवर. आपल्याकडे बरेचदा डोमेन हे साइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर असतं. तो पुण्याला नोकरीला गेला की दुकानदार अडकतो. ‘फुकट डोमेन’ची ऑफर मी याच कारणाने सोडली. डॉट कॉम डोमेन नोंदल्यावर किंवा हलवल्यावर पुढचे ६० दिवस सहसा दुसरीकडे नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

प्लॅन घेण्याआधी सपोर्टला रात्री एकच प्रश्न विचारला: परवाचा बॅकअप मला स्वतःला परत बसवता येतो का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का? ज्यांनी सरळ उत्तर दिलं, तेच यादीत ठेवले. बॅकअप त्याच सर्व्हरवर असेल तर मी तो धरत नाही.

पैसे परत मिळण्याच्या मुदतीतच साइटची प्रत नव्या जागी चढवली आणि माझ्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून, म्हणजे फक्त माझ्यापुरती नवी साइट उघडून, चेकआउट तपासला. डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरवर जातं त्या नोंदी) बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ३०० वर आणला. नेमसर्व्हर (या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम या मेलच्या नोंदी आधी उतरवून घेतल्या, कारण त्या राहिल्या तर साइट चालते आणि मेल बंद पडते. बदल रात्री उशिरा केला आणि तेवढा वेळ ऑर्डर घेणं थांबवलं, नाहीतर काही ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्येच राहतात. जुनं होस्टिंग आणखी आठवडाभर चालू ठेवलं.