गॅस लावल्याची तारीख लिहायला लागले तेव्हापासून

आईच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, गॅस लावल्याची तारीख असं सगळं लिहिलेलं असायचं, तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही. यंदा घरभाडं वाढलं, आता हात आखडता घ्यायचा कुठे म्हणून हिशोब मांडला आणि मीही तेच सुरू केलं. पहिली टाकी गेली ३१ दिवस. घरात माणसं तीन. शेजारच्या काकूंकडे पाच माणसं आणि त्यांची टाकी ४० दिवस जाते, मग काय, सरळ त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

काकू तूरडाळ अर्धा तास आधी भिजत घालतात. कुकरला खाली डाळ, वर भात, बटाटे उकडायचे असतील तर तेही त्यातच, आणि पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक. मी मोठ्या आचेवर धडाधड पाच-पाच शिट्ट्या काढायचे. कुकरमध्ये पाणी साधारण १२० डिग्रीला उकळतं, एकदा प्रेशर धरलं की आच कितीही मोठी ठेवा, डाळ काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते आणि तिच्याबरोबर आपला गॅस. बर्नरचंही तसंच, ज्योत पिवळी दिसायला लागली, पातेल्यांची बुडं काळी व्हायला लागली की भोकं साफ करायची, मी कित्येक महिने केली नव्हती.

आणि प्लीज, टाकी घेताना वजन करून घ्या. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज काट्यावर दिसलीच पाहिजे. मागच्या वर्षी एक टाकी मला उचलतानाच हलकी वाटलेली, पण संकोचाने गप्प बसले, ते अजून मनाला लागतं. आता टाकी आणणारे दादा दारात आले की आधी काटा मागते.

दुसरी टाकी ३८ दिवस गेली, तिसरी ४४. म्हणजे वर्षाला बाराच्या जागी आठ-नऊ टाक्या! आणि जेवणात काहीच कमी केलं नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लेकीच्या वरणभातावर तूप होतं तेवढंच आहे. परवा नवी टाकी लावली तर तिनेच स्टुलावर चढून त्या तारखेच्या चौकटीत लाल पेनने लिहिलं, 'गॅस लावला'.