मधल्या खोलीचं माळवद

गेल्या महिन्यात मधली खोली उतरवली. घरातलं शेवटचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गवंड्यानं कुदळ घातली, मातीची कड उघडी पडली, तेव्हा टेप लावून मोजलं: अठरा इंच! कडेला पट्ट्या दिसत होत्या. पांढरी, भुरकट, परत पांढरी. दरवर्षी मृगाच्या आधी ताता (तेलुगू घर आमचं, आजोबांना ताताच म्हणतो) पांढरी माती आणवायचे, वर पसरून धुमसानं चोपायचे. जुनी माती मात्र कुणी काढायचं नाही. गळलं की आणखी घाला. वरून तिसऱ्या पट्टीत मागाची एक लाकडी कांडी निघाली. बहुतेक माझ्याच हातून हरवलेली, त्यासाठी मार खाल्ल्याचं आठवतंय.

पणजोबा तेलंगणातून माग घेऊन इथं सोलापुरात आले. पहिलं छप्पर तुराट्यांचं, ते दोन पावसाळेही धड टिकलं नाही म्हणे. मग हे माळवद: बाभळीच्या तुळया, वर किलच्या (लाकडाच्या आडव्या पट्ट्या), कडुलिंबाचा पाला आणि माती. सोलापुरात पाऊस तो किती! कोकणात हेच छत एका आषाढात वाहून गेलं असतं. मंगलोरी कौलं १८६५ पासून निघत होती, पण कौलाला उतार लागतो. मग उन्हाळ्यात अंथरूण टाकायचं कुठं?

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली. भूकंप! किल्लारीकडं लोक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली गाडले गेले. हिशेब साधा आहे. अठरा इंच माती म्हणजे चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या वर वजन, तेही झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पुढच्याच उन्हाळ्यात मागाच्या खोलीवरचं माळवद काढून पत्रा घातला. मधली खोली तेवढी पैशाअभावी राहिली.

हा नालीदार पत्रा १८२९ साली लंडनमध्ये निघाला. तिथल्या गोद्यांवर तो शोभत असेल. आमच्याकडं एप्रिल लागला आणि ताणा (मागावरचे उभे धागे) तुटायला लागला. सुती धाग्याला ओल लागते. मातीखाली ती आपोआप राहायची, पत्र्याखाली हवा भट्टीसारखी कोरडी. एका टॉवेलात चार-चार गाठी. व्यापारी माल परत पाठवायचा, वर अण्णांनाच सुनवायचा. शेवटी पत्र्यावर ओली पोती टाकायला सुरुवात केली. दुपारी दर तासाला शिडी चढून पाणी मारायचं काम माझं. पाय भाजू नयेत म्हणून पोत्यापोत्यांवरून उड्या मारत जायचो.

मधल्या खोलीची माती ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरली. त्या जागी आता स्लॅब पडलाय. परवा क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंट ओलं ठेवायला, मी वर पोती पसरत होतो. खालून अम्मा बघत होती.

"परत पोती?" म्हणाली.